हॉस्पिटलच्या बिलावर टॅक्स नसतो म्हणतात, मग तो आपल्या खिशातून जातो कुठून?

डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर चारपाच पानांचं बिल हातात पडतं, आपण थेट शेवटचं पान उघडतो, आकडा बघतो, पोटात गोळा येतो आणि मग कोणाच्या कार्डावर किती स्वाइप करायचं याची कुजबुज सुरू होते. मधली पानं कुणी वाचत नाही. वाचली तर दिसेल की ऑपरेशन, भूल, डॉक्टरांच्या व्हिजिट, नर्सिंग, यातल्या कशावरच जीएसटी लावलेला नसतो. आरोग्यसेवा करमुक्त आहे, कायद्यातच तसं आहे. त्यामुळे बऱ्याच जणांचा समज असा की निदान आजारपणात तरी सरकार आपल्या खिशात हात घालत नाही. तर तसं नाहीये. टॅक्स असतो, फक्त तो त्या ओळीत छापलेला नसतो, आणि त्याची जी सूट मिळते ती मिळते भलत्यालाच. हे जरा उलगडून सांगतो, आकडे येतील पण शाळेतल्या गणितापलीकडचं काही नाही.

आधी करमुक्त म्हणजे काय ते बघू. दुकानदार माल घेताना जीएसटी भरतो, विकताना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेतो, आणि आधी भरलेला त्यातून वजा करून उरलेलाच सरकारला देतो. याला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. आता हॉस्पिटल पेशंटकडून जीएसटी घेतच नाही, मग वजा कशातून करणार? म्हणजे हॉस्पिटलने एसी घेतला, सोनोग्राफीचं मशिन घेतलं, बिल्डिंगचं भाडं भरलं, हाऊसकीपिंगची एजन्सी लावली, सिक्युरिटी लावली, बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं, यातल्या बहुतेक गोष्टींवर १८ टक्के, मशिनरीवर काही, असा जो जीएसटी भरला तो त्यांच्याच अंगावर पडतो, तो परत मिळायचा रस्ताच नाही. आणि हॉस्पिटल काय स्वतःच्या खिशातून सोसतंय होय? तो ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) चार्जेसमध्ये, बेडच्या भाड्यात, 'मिसलेनियस'मध्ये मुरतो. तुमच्या बिलावर जीएसटी शून्य, पण शून्याच्या खाली बराच जीएसटी गाडलेला. किती ते कुणी वेगळं काढून दाखवत नाही, कारण दाखवायचं बंधनच नाही.

एक जागा आहे जिथे तो उघड दिसतो, रूम. १८ जुलै २०२२ पासून दिवसाला ५००० रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या रूमवर ५ टक्के जीएसटी आला, आयसीयू, सीसीयू, एनआयसीयू सोडून. ५००० ला रूम घेतली तर काही नाही, ५००१ ला घेतली तर पूर्ण रकमेवर ५ टक्के, म्हणजे एका रुपयासाठी अडीचशे. पण खरं सांगायचं तर या अडीचशेचं एवढं काही नाही, रूमचं खरं दुखणं दुसरीकडेच आहे, आणि ते ९० टक्के लोकांना डिस्चार्जच्या दिवशी कळतं असं माझं निरीक्षण आहे (९० हा आकडा माझ्या वैतागाचा, सर्व्हेचा नाही).

ॲडमिशनला गेलं की काउंटरवरची मॅडम विचारते, "काका, रूम कोणती देऊ, ट्विन शेअरिंग की सिंगल?" घरचे म्हणतात मेडिक्लेम आहे ना, सिंगल द्या. आता समजा पॉलिसी ३ लाखांची आहे आणि जुनी आहे, अशा बऱ्याच पॉलिसींत रूमला विमा रकमेच्या १ टक्क्याची मर्यादा असते, म्हणजे दिवसाला ३०००. तुम्ही घेतली ६००० ची. चार दिवसांचे २४ हजार झाले, त्यावर जीएसटी १२००. सर्जन, ओटी, भूल, व्हिजिट मिळून ८० हजार. औषधं, तपासण्या ४६ हजार. एकूण १ लाख ५१ हजार २००. घरच्यांना वाटतं रूमचे वरचे १२ हजार आपण भरू, बाकी विमा देईल. विमा कंपनी मात्र म्हणते तुमची लायकी ३००० च्या रूमची (शब्द एवढे सरळ नसतात, 'एलिजिबिलिटी' म्हणतात), तुम्ही दुप्पट भाड्याची घेतली, म्हणून रूमचे तर अर्धेच देऊ, आणि सर्जन, ओटी, भूल यांचेही अर्धेच देऊ. कारण हॉस्पिटलात रूम महाग झाली की त्याच ऑपरेशनचे चार्जेससुद्धा वाढतात. झाले ना मग, १२ हजार अधिक ४० हजार, वर जीएसटी, असे ५२-५३ हजार खिशातून. वर ग्लोव्ह्ज, मास्क, असल्या किरकोळ सामानाचे वेगळे. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांच्या खर्चात असं प्रमाणात कापता येत नाही, तो नियम आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, घालून दिलाय, तेवढंच समाधान. त्यामुळे ॲडमिशनच्या वेळी पहिला प्रश्न रूम कुठली हा नाही, माझ्या पॉलिसीत रूमची मर्यादा किती हा, आणि तो हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कला (तिथे विम्याच्या क्लेमचं काम चालतं) नाही तर आधी घरीच पॉलिसीच्या कागदाला विचारायचा.

आता विम्याच्या हप्त्यावरचा टॅक्स. ही गोष्ट जरा राग येण्यासारखीच आहे. २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून मेडिक्लेमच्या प्रीमियमवर १८ टक्के होता. चौघांच्या कुटुंबाचा हप्ता ३६ हजार असेल तर ६४८० रुपये नुसता टॅक्स, एकूण ४२ हजार ४८०. सरकारी दवाखान्यात गर्दी म्हणून माणूस स्वतःच्या पैशाने स्वतःची सोय करतोय, तर त्याच्यावर १८ टक्के. आठ वर्षं हे चाललं. शेवटी २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराची मिळून एकच) पॉलिसींवरचा जीएसटी शून्य केला, ज्येष्ठ नागरिकांच्या पॉलिसीसुद्धा त्यात आल्या. चांगलं झालं, नाही म्हणायचं कारण नाही. पण दोन मेख आहेत. एक म्हणजे ती सूट ग्रुप पॉलिसीला दिली नाही, म्हणजे कंपनीच्या पॉलिसीत आईवडिलांना घेतलंय आणि त्यांचा हप्ता पगारातून कापला जातो, त्यावर टॅक्स आहेच. दुसरी मेख म्हणजे आता विमा कंपनीची गत हॉस्पिटलसारखीच झाली, गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेत नाही म्हणून स्वतःच्या ऑफिसभाड्यावर, सॉफ्टवेअरवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट तिला मिळत नाही, तो खर्च ती मूळ हप्त्यात घालू शकते. तेव्हा रिन्यूअलची नोटीस आली की एकूण रक्कम कमी दिसली म्हणून खूश होऊ नका, गेल्या वर्षीचा टॅक्स वजा करून मूळ हप्ता किती होता आणि यंदा किती आहे ते शेजारी शेजारी ठेवून बघा. साठीच्या पुढच्यांसाठी २०२५ च्या जानेवारीत आयआरडीएआयने सांगितलंय की वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त हप्ता वाढवायचा तर आधी आमच्याशी बोला, म्हणजे वडिलांच्या पॉलिसीचा हप्ता एकदम ३० टक्क्यांनी वाढला असेल तर गप्प बसून भरायचा नाही, लेखी विचारायचं.

औषधांचंही त्याच दिवशी बदललं. बहुतेक औषधांवर १२ टक्के होते ते ५ झाले, कॅन्सर आणि दुर्मिळ आजारांची काही औषधं शून्यावर आली, ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्या ५ टक्क्यांवर, चष्मा ५ टक्क्यांवर. आता पाकिटावरची एमआरपी ही सगळे कर धरून असते. ११२ रुपयांच्या पाकिटात १०० औषधाचे आणि १२ टॅक्सचे होते, ते आता १०५ ला मिळायला पाहिजे. घरात शुगर-बीपीची औषधं महिन्याला २००० ची लागत असतील तर तीच १८७५ च्या आसपास यायला हवीत. तुमच्या मेडिकलवाल्याने कमी केली का? जुन्या बिलातला एखादा ब्रँड आणि नव्या बिलातला तोच ब्रँड लावून बघा, तोच पॉवर, तेवढ्याच गोळ्या. महिन्याला सव्वाशे म्हणजे फार नाही म्हणाल, पण वर्षाचे १५०० आणि हे आयुष्यभर घ्यायचंय. आणि खरं सांगू का, टॅक्सच्या ७ टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त फरक जेनेरिकने, म्हणजे ब्रँडचं नाव नसलेल्या त्याच औषधाने पडतो, जनऔषधी केंद्रात तेच मूळ औषध विचारा, डॉक्टरांना विचारून बदला, तिथे अर्ध्याहूनही कमी किमतीत मिळतं बऱ्याचदा.

इथवर अप्रत्यक्ष कर झाला, म्हणजे जो वस्तूच्या किमतीत बसून येतो. तो देताना तुमचा पगार कुणी विचारत नाही. मार्केट यार्डातला हमाल आणि कोरेगाव पार्कातला बिल्डर, दोघांनी एकाच पाकिटावर तेवढाच टॅक्स दिलेला असतो. आता सूट बघा, ती मात्र पगार विचारूनच मिळते.

इन्कम टॅक्समध्ये ८०डी नावाचं कलम सगळ्यांना माहितीय, मार्चमध्ये एजंटांचे फोन येतात ते याच्याच जिवावर. स्वतःचा, बायकोमुलांचा मेडिक्लेम हप्ता २५ हजारांपर्यंत आणि साठीच्या वरच्या आईवडिलांचा ५० हजारांपर्यंत उत्पन्नातून वजा. आता हेच २५ हजार तीन घरांत टाकून बघू. जुन्या कर पद्धतीत (नवीचं पुढे सांगतो) ज्याचं करपात्र उत्पन्न ५ लाखांच्या आत त्याला मुळात टॅक्सच नाही, त्यामुळे सुटीचा फायदा शून्य. जो २० टक्क्यांच्या टप्प्यात त्याचे सेस (टॅक्सवरचा ४ टक्के जादा कर) धरून ५२०० वाचतात. जो ३० टक्क्यांत त्याचे ७८०० वाचतात. हप्ता तिघांचा तोच, आजारही तेच, पण सरकारकडून मदत सगळ्यात जास्त कुणाला तर ज्याला सगळ्यात कमी गरज आहे त्याला. शेतकऱ्याचं तर विचारूच नका, शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही म्हणून ८०डी त्याच्या कामाचं नाही, पण मेडिक्लेम काढला तर आठ वर्षं १८ टक्के त्यानेही भरलेच. रिक्षावाला, भाजीवाली, धुणंभांडी करणाऱ्या मावशी, सगळे याच रांगेत. म्हणून मला ८०डी वाढवा, एक लाख करा, वगैरे मागण्या ऐकल्या की फारसं कौतुक वाटत नाही, हप्त्यावरचा जीएसटी काढला ते त्यापेक्षा शंभरपट बरं, कारण ते सगळ्यांना मिळालं.

आणि आता तर नवी कर पद्धत आली, ती आपोआप लागू होते, जुनी पाहिजे तर तुम्ही सांगायचं. नव्या पद्धतीत ८०डी नाहीच. २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत (नोकरदाराला ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन धरून १२.७५ लाख) टॅक्स शून्य असल्याने बहुतेकांना नवीच परवडते. त्यामुळे 'टॅक्स वाचवायला मेडिक्लेम काढा' हे वाक्य आता बहुतेक घरांत खोटं झालंय. मेडिक्लेम काढा, जरूर काढा, पण तो आजारपणासाठी, मार्चसाठी नाही. एक अपवाद लक्षात ठेवा, घरात जुन्या पद्धतीत राहिलेले ज्येष्ठ असतील आणि त्यांना कुणी पॉलिसी देत नसेल, तर त्यांच्या औषधपाण्याच्या खर्चालाच ५० हजारांपर्यंत वजावट मिळते, अट एवढीच की पैसे रोखीने द्यायचे नाहीत, यूपीआय, कार्ड, चेक काहीही चालेल. मेडिकलमध्ये आजोबा नोटा मोजून देतात आणि बिल कचऱ्यात टाकतात, तिथेच ती सूट गेली. १ एप्रिल २०२६ पासून नवा इन्कम टॅक्स कायदा लागू, त्यात कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा सीएकडे ८०डी म्हणालात आणि त्याने दुसराच नंबर सांगितला तर गोंधळू नका.

मला नेहमी खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. घरासाठी कर्ज काढलं तर व्याजाला सूट द्यायची सोय कायद्यात आहे. बायकोच्या पाटल्या गोल्ड लोनला ठेवून बापाची बायपास केली तर त्या व्याजाला कसलीच सूट नाही. प्लॉट विकून ऑपरेशन केलं तर नफ्यावर कॅपिटल गेन्स टॅक्स, पैसा हॉस्पिटलात गेला हे सांगून तो माफ होत नाही, पण त्याच पैशाचं घर घेतलं असतं तर माफ व्हायची सोय आहे! आपल्याकडे लोक दवाखान्याचा खर्च भागवतात तो याच मार्गांनी, आणि कायद्याला नेमके हेच मार्ग दिसत नाहीत.

देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला लोक स्वतःच्या खिशातून किती करतात याचा सरकारी हिशेब असतो. २०१३-१४ ला तो वाटा ६४.२ टक्के होता, २०२१-२२ ला ३९.४ टक्क्यांवर आला. कमी झाला हे खरंच, पण अजून शंभरातले जवळजवळ चाळीस आपले आपणच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या २.५ टक्के नेऊ, २०२१-२२ चा आकडा १.८४ टक्के होता. इन्कम टॅक्स भरणाऱ्यांनी आपली स्लिप बघा, टॅक्सवर आणखी ४ टक्के 'हेल्थ अँड एज्युकेशन सेस' असतो, २०१८ पासून. लाख रुपये टॅक्स असेल तर ४ हजार त्याचे. नाव आरोग्याचं, पण सेस ही अशी रक्कम आहे की ती केंद्राकडेच राहते, राज्यांना वाटून द्यावी लागत नाही, आणि आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्ह्याचं सिव्हिल हे सगळं चालवायचं राज्याने. गावच्या पीएचसीत डॉक्टर नाही म्हणून शिव्या देताना हे डोक्यात असू द्या, शिव्यांची वाटणी नीट होईल.

बरं मग भरलेल्या टॅक्समधून परत येतं ते कुठे? तर तीनचार जागा आहेत आणि तिथे विचारल्याशिवाय कुणी स्वतःहून सांगत नाही.

पहिली, महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरपासून उपचारांपर्यंत मोफत. मेडिकल कॉलेजला जोडलेली हॉस्पिटलं दुसऱ्या खात्याकडे येतात म्हणून ती त्यात धरू नका. दुसरी, महात्मा फुले जन आरोग्य योजना, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि पिवळं-केशरी रेशनकार्डवाल्यांनाच नाही तर पांढऱ्यालाही. हे लोकांना अजून माहीत नाही, "आमचं कार्ड पांढरं, आम्हाला कुठलं मिळतंय" म्हणून दारावरूनच परत येतात. अट एवढी की हॉस्पिटल योजनेतलं पाहिजे आणि उपचार यादीतला पाहिजे, तिथे आरोग्यमित्र (योजनेचा माणूस) बसलेला असतो त्याला ॲडमिशनआधी भेटायचं. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, २०२४ च्या ऑक्टोबरपासून. तिसरी, ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, भोसरी-चाकण-बुटीबोरीच्या कामगारांना तिचे पैसे फुकट जातात असं वाटतं पण तिच्यासारखी पॉलिसी बाजारात नाही. २१ हजार पगारावर कामगाराचे फक्त ०.७५ टक्के, म्हणजे १५७ रुपये ५० पैसे, मालकाचे ३.२५ टक्के, आणि त्यात सगळं कुटुंब. गंमत अशी की पगार २१ हजारांच्या वर गेला की चालू सहामाही संपल्यावर नाव निघतं. पाचशेची इन्क्रिमेंट मिळाली म्हणून पेढे वाटणाऱ्याने त्याच महिन्यात मेडिक्लेमची चौकशी करावी, कारण नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंतचा वेटिंग पिरियड असू शकतो.

चौथी जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, धर्मादाय हॉस्पिटलं. मोठमोठी, चकाचक, ट्रस्टची हॉस्पिटलं असतात ना, त्यांना इन्कम टॅक्समध्ये सवलत असते, कित्येकांना जमीन नाममात्र भाड्याने मिळालेली असते. म्हणजे जो टॅक्स त्यांनी भरला नाही तो एका अर्थाने आपण सगळ्यांनी मिळून त्यांना दिलेला आहे. त्याच्या बदल्यात मुंबई हायकोर्टाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्याच लागतात, आणि एकूण बिलिंगच्या २ टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या वेगळ्या फंडात (आयपीएफ) टाकावी लागते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. इमर्जन्सी असेल तर पेशंटला आधी दाखल करून जीव वाचवायचे उपचार द्यायचे, पैशाचं नंतर. दारात बोर्ड असतो, बऱ्याचदा कुंडीच्या मागे, पण असतो.

तिथे गेलात की बिलिंगला जाऊ नका, समाजसेवक किंवा एमएसडब्ल्यूचा (वैद्यकीय समाजसेवकाचा) डेस्क विचारा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार एवढं लागतं. "सर, आयपीएफमधून करायचंय" असं म्हणा, हाच शब्द तिथे चालतो. खाटा शिल्लक नाहीत म्हणाले तर किती खाटा आहेत आणि आज किती भरल्यात ते विचारा, लेखी मागा, धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज करता येतो हे शांतपणे सांगा, भांडू नका, भांडलं की पेशंटवर निघतं. आणि हे सगळं ॲडमिशनच्या दिवशी करायचं, कारण डिस्चार्जचं बिल फायनल झालं की फंडातून कमी करून घेणं फार अवघड जातं, आणि दाखला काढायला तहसीलमध्ये जे दिवस लागतात ते पेशंट आत असतानाच हातात असतात.